अकरावं नाव

आमच्या घरमालकांना लग्नाची पत्रिका द्यायची म्हटलं की गल्लीतली माणसं आज नको उद्या करायची. लग्नाला ते यायचे ते पत्रिका खिशात घालूनच. मांडवात कडेला खुर्ची ओढायची, चष्मा लावायचा आणि पत्रिकेतल्या एकेका नावापुढं पेन्सिलीनं खूण करत बसायचं. आपले विनीत, प्रेषक, समस्त अमुक परिवार, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली, एकाला म्हणून सोडायचे नाहीत. जेवून हात धुतला की मुलीच्या बापाला गाठायचे. "छापलेली नावं सदतीस. आलेली एकवीस. सोळा माणसं मांडवात न्हाईतच की! मग छापली कशाला?"

बिचारा बाप. तिकडं वरमाय रुसलेली, इकडं ही हजेरी. तो हसून म्हणायचा, "अवो मालक, मानानं घालायची असत्यात नावं. इचारत बसतंय कोण?" त्यावर मालक पत्रिकेची घडी घालून खिशात ठेवायचे आणि घरी निघायचे.

एका वर्षी तालमीच्या पोरांनी गणपतीच्या पत्रकात 'मार्गदर्शक' म्हणून त्यांचं नाव छापलं. पोरांना वाटलं, म्हातारा खूश होईल. म्हाताऱ्यानं शाईची दौत आणि काडी घेतली आणि पेठेतल्या दुकानादुकानांत फिरून भिंतीवर चिकटवलेल्या प्रत्येक पत्रकातलं आपलं नाव खोडलं. दोन दिवस लागले त्याला. उन्हानं चक्कर येऊन एका गिरणीच्या पायरीवर बसले होते, तिथनं मी त्यांना धरून घरी आणलं. वाटेत मी चांगलं झापलं त्यांना. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी राहिलेली तीन दुकानं उरकली.

मी त्यांच्याकडं राहायला गेले ते नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी ऑफिसला होते, चलनं लिहायची. खोलीसाठी त्याआधी चार घरं फिरले. सगळीकडं तोच प्रकार. आधी "या, बसा, पाणी घ्या", मग आडनाव, मग गाव, मग "तुमी कोण म्हणायचं?" मी सरळ सांगायची, आम्ही बौद्ध. की लगेच त्या खोलीत त्यांचे पावणे राहायला यायचे असायचे, नाहीतर रंग काढायचा असायचा. चौथ्या घरी मी म्हटलं, "तुमची खोली तुमच्या उरावर घेऊन बसा," आणि पाणी न पिताच उठले. अशी मी. आई म्हणायची, तुझ्या जिभेला हाड नाही.

पाचवं घर मालकांचं. त्यांनी फक्त गाव विचारलं. मी म्हटलं, शाहूवाडी तालुका, मलकापूरच्या पलीकडं. त्यांनी तालुका पुन्हा एकदा विचारून घेतला. मग आत जाऊन किल्ली घेऊन आले. "वरची खोली. पाणी सकाळी सहाला येतंय. नळ उघडा ठेवू नगा." आडनाव त्यांनी विचारलंच नाही. मला वाटलं, चला, एक तरी देवमाणूस भेटला. आमच्या तालुक्याशी त्यांचा काय संबंध होता, ते कळायला वर्ष जावं लागलं.

पूर्वी ते सरकारी नोकरीत होते, साध्या कपड्यातल्या. कुठं सभा असली, मोर्चा असला, की गर्दीत जाऊन उभं राहायचं. कोण आलं, कोण काय बोललं ते डोक्यात ठेवायचं आणि सकाळी साहेबाच्या टेबलावर अहवाल द्यायचा. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण नोकरी काही अंगातनं गेली नव्हती. दाराकडं पाठ करून ते कधी बसायचे नाहीत. घरात फोन घेतला नव्हता. एकदा मला जिन्यात थांबवून म्हणाले, "तुमच्या हापिसातला त्यो चौकड्याच्या शर्टाचा, परवा दोनदा गल्लीतनं गेला. दुसऱ्या खेपेला भांग पाडला हुता." मी भडकले. माझ्यावर पाळत ठेवायला तुम्ही माझे कोण, म्हटलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. "सवय हाय ओ," म्हणाले. "बघितलं की ध्यानात राहतंय. इसरायचं कसं, ते कुणी शिकिवलं न्हाई." मग मलाच वाईट वाटलं. (त्या चौकड्याच्या शर्टाशी पुढं माझं लग्न झालं, ते सोडा.)

बायको जाऊन आठ वर्षं झालेली. मूलबाळ नाही. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर माणसं जमायची, कुस्तीवर, निवडणुकीवर, एकमेकाच्या बायकांवर तोंडसुख घ्यायची. मालक काठी टेकत तिकडं निघाले की मी वरून बघायची. ते पोचले की कुणीतरी सरकून जागा द्यायचा, "या मालक" म्हणायचा, आणि गप्पा जागच्या जागी थांबायच्या. "ऊन लई हाय न्हवं?" "तर! औंदा लईच." पाच मिनिटं बसून मालक उठायचे. ते वळणापलीकडं गेले की इकडं पुन्हा हास्याचा गडगडाट. एकदा मला म्हणाले, "पोरी, मी आलो की माणसं हवामान सांगत्यात." हसत म्हणाले, पण मला हसू आलं नाही. एवढ्या भरल्या पेठेत, जिथं शेजारच्या घरात फोडणी पडली की आपल्याला ठसका लागतो, तिथं हा माणूस एखाद्या माळावर राहिल्यासारखा राहत होता.

त्यांना करमणूक एकच. टीव्ही. सोमवारी आम्हां कारखान्यावाल्यांना सुट्टी असायची आणि सोमवारीच संध्याकाळी साडेसातला एक गुप्तहेरांची मालिका लागायची. दर आठवड्याला नवी गोष्ट. मी भाकरी घेऊन खाली जायची, ते मिरचीचा खर्डा करायचे, आणि आम्ही दोघं बघायचो. बघायचो म्हणजे मी बघायची, ते भांडायचे. "ह्यो पाठलाग हाय व्हय? काळा गॉगल लावून? आरं, आंधळ्याला बी कळंल!" मग मला समजावून सांगायचे, "पाठलाग करणाऱ्यानं शेंगा खात चालावं. शेंगा खाणाऱ्या माणसाकडं जगात कोण बघत न्हाई." एवढ्या सुखात त्यांना मी एरवी कधी पाहिलं नाही.

आणि मग तो भाग लागला.

गोष्ट साधी होती. एका वाचनालयातल्या कारकुनावर सरकार पाळत ठेवतं. त्याची पत्रं फोडतात, फोन ऐकतात. त्यानं काहीच केलेलं नाही, हे आपल्याला दिसतंय. पण पाळत ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला रोज काहीतरी लिहून द्यावंच लागतं, म्हणून तो लिहीत जातो. शेवटी त्या कारकुनाला जेवणाच्या ताटावरून उठवून गाडीत घालतात. अधिकारी फाईल बांधतो, कपाटात ठेवतो, कपाट लावतो. संपलं. नावं वर सरकायला लागली.

मालक त्या दिवशी एक शब्द बोलले नव्हते. खर्डा तसाच. साबणाची जाहिरात लागली तेव्हा म्हणाले, "त्या माणसाचं काय झालं?"

"संपलं की मालक."

"संपलं कसं? त्येला नेलं कुठं? सोडला का न्हाई?"

"अहो, गोष्ट आहे ती."

"गोष्ट असली म्हणून काय झालं? अर्ध्यातनं सोडत्यात व्हय माणसाला?"

पुढच्या सोमवारी ते सातपासूनच टीव्हीसमोर बसले. त्या दिवशी हिऱ्याच्या हाराची चोरी होती. पहिल्या जाहिरातीलाच त्यांनी टीव्ही बंद केला. मग माझ्याकडून वाहिनीला पत्र लिहून घेतलं. 'महोदय, मागील भागातील निरपराध इसमाचे पुढे काय झाले, तो सुटला काय, त्याची नोकरी परत मिळाली काय, हे कळवावे.' अशी तीन पत्रं मी लिहिली. गंमत म्हणून लिहिली, खोटं कशाला बोलू. उत्तर कुठलं येतंय? पोस्टमन दिसला की म्हातारा दारात. मला आता त्यांची काळजी वाटायला लागली. ऑफिसातही मी सांगितलं, आमच्या मालकांचं काहीतरी बिनसलंय.

चौथं पत्र मी लिहायला नकार दिला. सोमवारची सकाळ होती, मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. ते जिना चढून वर आले, पाण्याच्या टाकीला टेकून बसले आणि म्हणाले, "मग तूच सांग. तुमच्या तकडच्या शाळेत एक मास्तर हुते. आणीबाणीत आत गेलते. त्येंचं काय झालं?"

मला कळायला वेळ लागला नाही. आमच्या तालुक्यात तसे मास्तर एकच. गुरुजी. आमच्या वस्तीपासून दोन मैलांवर त्यांचं घर. आमच्या समाजातले त्या भागातले पहिले शिक्षक. तुरुंगातनं सुटले तेव्हा नोकरी गेलेली, बायको गेलेली. मग भाताची दोन खाचरं करायची आणि संध्याकाळी ओट्यावर पोरं शिकवायची, फुकट. मी स्वतः त्या ओट्यावर तिसापर्यंत पाढे पाठ केलेत.

मालकांनी सांगितलं ते असं. मलकापूरच्या बाजारात सरकारविरोधी सभा होती. सभेचा अहवाल द्यायचं काम मालकांकडं. कोल्हापूरच्या स्टँडवर पोचेपर्यंत एसटी गेली. दुसरी तीन तासांनी. "ताप न्हाई, काय न्हाई. कट्टाळा आला मला. भजी खाल्ली आणि घरला आलो." सकाळी अहवाल तर द्यायचा. खिशात सभेचं पत्रक होतं. त्यावर खाली अकरा नावं छापलेली. ती त्यांनी उतरून काढली. सभेस हजर इसम, एक ते अकरा.

"धा जण फुडारीच हुते. त्येंना आत जायचंच हुतं, हार घालून गेले. अकरावं नाव मास्तरांचं. आपल्यात पत्रकावर एक तरी मास्तर लागतोय गं, त्याबिगार पत्रकाला वजन येत न्हाई. त्येंना कुणी इचारलं बी नसंल."

"म्हणजे गुरुजी सभेला नव्हतेच?"

"मी तरी कुठं हुतो?"

मी म्हटलं, खोटं आहे हे. गुरुजी स्वतः सांगतात. सभेत उभा राहिलो, बोललो, सरकार घाबरलं. दर वर्षी विहारात त्यांना शाल देतात, आम्ही लहानपणापासून टाळ्या वाजवत आलोय. मालकांनी मान हलवली. "सांगत असतील. पण तुरुंगातनं त्येंचा अर्ज आलता. 'त्या दिवशी मी घरी होतो, पत्नी आजारी होती, माझे नाव न विचारता छापले.' त्यो अर्ज चौकशीला माझ्याच टेबलावर आला. मी शेरा मारला. अहवाल बरोबर आहे. दुसरं काय लिवणार? साहेब म्हणला असता, तू गेलाच न्हवतास, मग अहवाल कुणी लिवला, तुझ्या बानं? चौदा महिने बसले ते आत. बायको मागं गेली. एसटी चुकली ती चुकली, पर त्यो शेरा... त्यो मी शुद्धीत मारला."

माझ्या हातातला पिळा तसाच राहिला. मग माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. तुम्ही माणूस आहात की कोण, इथपासून सुरुवात होती. मला खोली दिलीत ती ह्यासाठी होय? पाप फेडायला? ते म्हणाले, "व्हय." फक्त "व्हय". मला आणखी राग आला. म्हटलं, "मग माझ्यापुढं कशाला रडताय? चला. त्यांच्या तोंडावर सांगा."

गुरुजींना ते ऐकायचंय का, हे विचारायचं मला सुचलंच नाही. मी त्यांच्या भल्याचं करत होते ना!

पुढच्या सोमवारी आम्ही निघालो. मालकांनी इस्त्रीचे कपडे घातले होते. स्टँडवर अर्धा किलो पेढे घेतले आणि लगेच माझ्या हातात दिले. "तू दे. माझ्या हातनं कशाबद्दल देऊ?" भातं झोडून झाली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिंजराच्या गंज्या. एसटीत त्यांचे ओठ सारखे हलत होते. पाठ करत होते, काय सांगायचं ते.

गुरुजी ओट्यावरच बसलेले. मोतीबिंदूनं नजर गेलेली, पण आवाजावरून मला ओळखलं. सतरा सक विचारलं. सून पाणी घेऊन आली. आत भिंतीवर सन्मानचिन्हं, खिळ्याला प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घडी घातलेल्या शाली. मी म्हटलं, "गुरुजी, हे माझे घरमालक. पूर्वी सरकारी खात्यात होते. त्यांना तुमच्याशी बोलायचंय."

मालक हात जोडून म्हणाले, "गुरुजी, मलकापूरच्या त्या सभेचा अहवाल मी लिवलाता."

गुरुजींची मान वर आली. सून दारातच थबकली, आणि मग तिचं तोंड उजळलं. "म्हंजे तुमी सभेत हुता? आमच्या आबांना बघितलंय तुमी?" मालक काही बोलायच्या आत ती ओट्यावर आली. "बरं झालं बाई आलासा! वस्तीतली चार टाळकी म्हणायला लागल्यात, म्हातारा गेलाच न्हवता सभेला, उगंच शाली पांघरून घेतोय. औंदा शाल बी दिली न्हाई. तवापासनं आबा विहारात जाईनात. धड जेवत बी न्हाईत." आणि कुंपणाकडं तोंड करून तिनं हाक मारली, "काकी, ओ काकी! हिकडं या जरा! सभेतला माणूस आलाय!"

शेजारची म्हातारी पदर सावरत आली. तिच्या मागनं तिचा मुलगा आला. मी मालकांकडं बघितलं. हे मी काय करून बसले! खरं सांगायलाच तर त्यांना फरपटत आणलं होतं. आता खरं बोलले तर गुरुजींचं ह्या वस्तीत राहिलेलं एवढंसं आयुष्यही जाणार होतं.

"सांगा की ओ पावणं," काकी म्हणाली. "हुते का मास्तर?"

गुरुजींनी न दिसणारे डोळे मालकांच्या दिशेनं लावलेले.

मालकांनी आत टांगलेल्या शालींकडं एकदा बघितलं. मग खाकरून, साहेबापुढं उभं राहिल्यागत बोलायला लागले. "हुते की. फुडच्या रांगेत, डाव्या अंगाला. पांढरा सदरा, धोतर. बाकीचे फुडारी घसा फोडत हुते. मास्तर हळूच उठले. सगळा बाजार गप झाला."

"बघा!" सून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तेवढ्यात गुरुजींनी विचारलं, अगदी बारीक आवाजात, "आणि मी बोललो काय, ते आठवतंय?"

"आठवतंय की," मालक म्हणाले. " म्हणालासा, माणसाला न इचारता त्येचं नाव कुठं लिवू नये. घरंदारं बसत्यात त्यानं. लिवणाऱ्याला कळत बी न्हाई, आणि कळलं तरी खोडत न्हाई त्यो."

गुरुजींनी डोळे मिटले. म्हणाले, "व्हय. असंच म्हणालो होतो."

मग चहा झाला, पेढे वाटले गेले. काकीचा मुलगा म्हणाला, पुढच्या कार्यक्रमाला ह्या पावण्यांनाच बोलवू, साक्षीदार म्हणून. निघताना मालक वाकले, पण गुरुजींनी पायांपर्यंत हात पोचू दिले नाहीत, मधेच धरले. सून म्हणाली, "आबा, सोडा की, त्येंची एसटी चुकंल," तेव्हा सोडले.

फाट्यावर आम्ही एसटीची वाट बघत उभे होतो. मला रडू आवरत नव्हतं. म्हटलं, "मालक, चुकलं माझं. मी आणायला नको होतं तुम्हाला."

"न्हाई न्हाई," ते म्हणाले. "म्हातारा आज जेवंल तरी."

"आणि तुमचं? तुमचं सांगायचं राहिलंच की."

ते रस्त्याकडं बघत होते. मी त्यांची समजूत घालायला गेले. म्हटलं, "मला सांगितलंय ना सगळं, शेऱ्यासकट. मी ऐकलंय. मनात ठेवून बसू नका आता."

"तुला सांगून काय उपेग, पोरी?" मालक म्हणाले. "तुझं मी काय घेतलंय?"